खिळ्यावरची पेटी

सोलापूरच्या लोको शेडमध्ये माझी फिटरची खोली होती. खोली म्हणजे चार पत्रे, एक टेबल, लोखंड पकडायचा एक शेगडा आणि दाराच्या मागच्या भिंतीत ठोकलेले बारा खिळे. मागच्या आठवड्यात या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, इंजिनांच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." गमती पुष्कळ आहेत. एका ड्रायव्हरचं इंजिन दुसऱ्याच्या हाती गेलं की त्याला ताप यायचा. खराच ताप, मी स्वतः कपाळाला हात लावून पाहिला आहे. दुसरा एक जण तेल घालताना प्रत्येक भोकात चार थेंब जास्तीचे घालायचा आणि विचारलं की म्हणायचा, "लेकरू जेवाय बसल्यावर घास मोजतंय व्हय कुणी?" पण कागद पुढे ओढला की मला ते बारा खिळेच दिसतात, आणि त्यातही शेवटचा. तेव्हा गमती दुसऱ्या कुणाकडून घ्या, मी खिळ्याचं सांगतो.

मी मूळचा करकंबचा. घरची शेती थोरल्या भावाच्या अंगावर टाकून मी लोखंडाच्या नादाने सोलापुरात आलो, शेडमध्ये खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर, म्हणून लागलो आणि हातात हत्यार आल्यावर फिटर झालो. म्हातारपणी माणसाने नम्र व्हावं म्हणतात, पण मला ते अजून जमलेलं नाही. माझा हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला ठाऊक होतं. इंजिनाच्या पाण्याची काच कापायची तर ती मिस्त्रीनेच, असं सगळ्या शेडमध्ये ठरलेलं. कानशीने एक बारीक रेघ ओढायची, रेघेवर तापलेली तार धरायची आणि वरून ओल्या चिंधीचा एक थेंब सोडायचा. टक्‌ असा आवाज होऊन नळी सुरीने कापल्यासारखी दुभंगते. माझ्या हातून चुकून फुटलेल्या काचा दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील.

ही पाण्याची काच म्हणजे काय, ते ज्यांनी इंजिन फक्त फलाटावरून पाहिलं आहे त्यांना सांगायला हवं. इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेला एक प्रचंड हंडा. खाली आग, वर पाणी. पाणी आगीच्या माथ्याच्या वर असेल तोवर सगळं ठीक. ते खाली गेलं आणि माथा उघडा पडला, तर लोखंड लाल होतं, मऊ पडतं, आणि मग हंडा फुटतो. फुटला तर ड्रायव्हर आणि फायरमन शोधावे लागतात. हंड्यात डोकावून बघता येत नाही, म्हणून बाहेर वीतभर लांबीची एक उभी काचेची नळी बसवलेली असते. हंड्यात जेवढं पाणी, तेवढं नळीत. फायरमन कोळसा टाकत असो नाहीतर घाम पुसत असो, त्याचा एक डोळा सतत त्या नळीवर असतो.

आता या नळीचे दोन दुर्गुण. पहिला असा की ती कधी तरी फुटते. आत उकळतं पाणी आणि वाफेचा दाब, बाहेर वारा. फुटली की काचेचे तुकडे आणि वाफ एकदम तोंडावर. म्हणून नळीभोवती जाड काचांची एक चौकट बसवायची असा नियम होता. पुढे आणि दोन बाजूंना काच, मागे पत्रा. आम्ही तिला पेटी म्हणायचो. प्रत्येक इंजिनाची पेटी वेगळी आणि तिच्या पत्र्यावर इंजिनाचा नंबर ठोकलेला. दुसरा दुर्गुण जास्त वाईट. काठोकाठ भरलेली नळी आणि पार रिकामी नळी दिसायला सारखीच दिसते. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवा, दोन्हींतून आरपार दिसतं. पाण्याची वरची कड दिसली तरच कळतं, आणि ती कड म्हणजे केसाएवढी रेघ.

त्यात सोलापूरचं पाणी जड. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नळीला आतून पांढरा थर धरायचा, पेटीच्या काचांवर तेल आणि कोळशाची भुकटी बसायची, आणि जोडातून निसटणारी वाफ पेटीत कोंडून घाम धरायचा. मग आतली केसाएवढी रेघ कुठली दिसते? म्हणून फायरमन लोक पेटी काढून टाकायचे. काच फुटली तर एकाचा डोळा जाईल, हंडा फुटला तर दोघेही जातील, असा त्यांचा साधा हिशेब होता. हुसेनमियाँ नावाचे आमचे एक जुने ड्रायव्हर होते, शेडमधले सगळे ड्रायव्हर-फायरमन त्यांचा शब्द मानायचे. ते म्हणायचे, "मिस्त्री, तुम्हारी पेटी में मेरे कू मेराच मूँ दिखता. पानी नै दिखता."

तेव्हा पेट्या निघाल्या. पण फेकायच्या कुठे? कंपनीचा माल. त्या आल्या माझ्या खोलीत आणि मी त्यांच्यासाठी बारा खिळे ठोकले. तपासणीला मुंबईहून मोठे साहेब येणार अशी खबर आली की आमचा फोरमन साहेब दारात उभा राहून नुसता भिंतीकडे बघायचा. तेवढं पुरायचं. पेट्या पुसून इंजिनांवर चढायच्या, साहेब गेले की परत खिळ्यांवर. आणि रोज प्रत्येक इंजिन शेडबाहेर पडताना वहीत एक रकाना भरायचा असे : "पेटी जागेवर आहे." खाली फिटरची सही. बारा पेट्या पाठीमागे भिंतीवर टांगलेल्या असताना मी टेबलाशी बसून त्या रकान्यात वर्षानुवर्षं सही करत आलो. मान वळवली असती तर पेट्या दिसल्या असत्या. मान कुणी वळवतो का हो?

एकोणीसशे तीस सालानंतरची ही हकीकत, दिवस कडक उन्हाळ्याचे. हुसेनमियाँ कुर्डुवाडीहून मालगाडी घेऊन येत होते. बरोबर फायरमन नरसय्या. नरसय्या विणकराच्या घरातला, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. माग सोडून इंजिनावर आलेला त्याच्या घरातला तो पहिला. तिशीतला, अंगाने किरकोळ, पण फावडं असं चालवायचा की एक दाणा कोळसा खाली सांडायचा नाही. मोहोळच्या अलीकडे, भर दुपारी, तो पाण्याची रेघ बघायला वाकला आणि त्याच क्षणी काच फुटली.

हुसेनमियाँनी अंगातला कोट डोक्यावर घेऊन वाफेत हात घातला आणि नळीच्या वरची-खालची अशा दोन्ही तोट्या बंद केल्या. पुढच्या स्टेशनात नरसय्याला उतरवून सवारी गाडीने सोलापूरला पाठवलं. मी फलाटावर गेलो होतो. त्याच्या चेहऱ्यावर हुसेनमियाँचा साफा गुंडाळलेला होता आणि तो दोन्ही हात पुढे धरून चालत होता. डावा डोळा वाचला, उजवा गेला. डॉक्टरांनी चार दिवसांनी तसं लिहून दिलं.

त्यावर चौकशी बसली. फोरमन साहेब गोरा, पण माणूस तसा वाईट नव्हता. त्याचं हिंदुस्थानी सगळं हुकमाचं होतं, विनंती करायची असली तरी हुकूमच बाहेर पडायचा. त्याने मला बोलावलं आणि वही पुढे केली.

"सही तुम्हारा?"

"होय साहेब."

"पेटी था?"

मी म्हणालो, "वहीत लिहिलंय तसं, साहेब."

एवढंच बोललो. खोटं बोललो असं कुणाला म्हणता आलं नसतं. पण त्या एका वाक्याने नरसय्याची वाट लागली. शेडमधून निघताना पेटी होती, काच फुटली तेव्हा नव्हती, म्हणजे फायरमनने ती वाटेत काढून फेकली. स्वतःच्या निष्काळजीपणाने डोळा घालवला आणि कंपनीचा मालही घालवला. असा अहवाल मुंबईला गेला की नरसय्याला कामावरून काढणार हे ठरलेलं. आणि मी तसं का बोललो तेही सांगून टाकतो. त्या महिन्यात चार्जमनची, म्हणजे सगळ्या फिटरांवरच्या मुकादमाची, जागा रिकामी होणार होती. शेडमध्ये त्या जागेला माझ्याइतका लायक कुणी नव्हता, आणि हे माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नव्हतं.

खोलीत परत आलो. शेवटच्या खिळ्यावर नरसय्याच्या इंजिनाची पेटी लटकत होती. मी अंगातला कोट काढला आणि तिच्यावर अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हुसेनमियाँ आणि त्यांच्या मागे मालगाड्यांचे सगळे ड्रायव्हर-फायरमन फोरमनच्या दारात उभे राहिले. हुसेनमियाँचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. ते म्हणाले, "साब, आज से पेटी के बगैर कोई इंजन नै लेंगे."

साहेब म्हणाला, "अच्छा. पेटी लगाव."

"और जिस पेटी में पानी नै दिखता, वो बी नै लेंगे."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिला. पेटीशिवाय नाही आणि पेटीसकटही नाही. बंडखोरी, सरळ बंडखोरी, असं ओरडून त्याने टेबलावर हात आपटला. हुसेनमियाँनी आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. ते सवारी गाड्या अडवणार नव्हते, फक्त मालगाड्या उभ्या राहणार होत्या. आणि सोलापुरात गिरण्यांच्या दिवसांत मालगाड्या उभ्या म्हणजे दुपारपर्यंत तारांवर तारा.

मला हुकूम झाला, सगळ्या पेट्या चढव. मी अकरा पेट्या पुसून चढवल्या. बारावी नरसय्याच्या इंजिनाची, आणि ते चौकशीसाठी बाजूला उभं होतं, तेव्हा तिच्यावरचा कोट हलवायची गरज पडली नाही. हुसेनमियाँ एका इंजिनावर चढले, काही वेळ आत खुडबुड केली आणि बाहेर डोकावून म्हणाले, "साब, जरा उप्पर आव. पानी कित्ता है बोलो."

साहेब चढला. मीही मागून चढलो. त्याने पेटीला नाक लावलं, रुमालाने काच पुसली, डोळा बारीक केला. मग ठणकावून म्हणाला, "भरा है. पूरा भरा है."

हुसेनमियाँनी डाव्या हाताने नळीतलं पाणी सोडायची खालची तोटी उघडली. थेंबही पडला नाही. त्यांनी आधीच नळी बंद करून रिकामी केली होती. "साब," ते म्हणाले, "आप दोनों आँख से देखे. खड़ी गाडी में देखे. नरसय्या चलती गाडी में देखता था."

साहेबाची मान लाल झाली. पण मानायला पाहिजे, तो ओरडला नाही. खाली उतरून म्हणाला की परवा सकाळी मुंबईचे मोठे साहेब येतायत. तोवर पाणी दिसेल अशी पेटी करून दाखवा, नाहीतर काम अडवणाऱ्या प्रत्येकावर आरोपपत्र. आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, तुम करो."

मी करायला काय होतं? काचा उकळत्या सोड्यात धुतल्या. जोड पुन्हा भरले. पेटीला वरून वाफ जायला भोकं पाडली. घाम कमी झाला, पण रेघ ती रेघच. हुसेनमियाँ येऊन बघायचे आणि मान हलवून जायचे. दुपारी चार वाजेपर्यंत माझी अक्कल संपली. हत्यारं तशीच टाकली आणि नरसय्याच्या घरी गेलो. कशाला गेलो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. डोळा बघायला, असं स्वतःला सांगितलं होतं.

घर पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत. एकच खोली आणि खोलीभर माग. त्याची बायको राजम्मा मागावर बसलेली, पाय खड्ड्यात, हात धोट्यावर. मला बघून तिने धोटा थांबवला.

"या की मिस्त्री. डोळा बघाय आलाव का वही घिऊन आलाव?"

मी दारातच उभा राहिलो. आतून नरसय्या म्हणाला, "ये, गप. या आत, मिस्त्री." तो भिंतीला टेकून बसला होता. अर्धा चेहरा पांढऱ्या पट्टीत. मी समोर बसलो. विचारपूस करायची म्हणून जे काही बोलतात ते बोललो. तो हूं हूं करत राहिला. त्याचा मोकळा डोळा माझ्याकडे नव्हता, माझ्या खांद्यावरून मागे कुठे तरी होता. मला वाटलं, तोंड बघायचं नाही याला माझं. मला ते पटलंही.

"वहीत काय लिवलंय ते हुसेनचाचांनी सांगितलं मला," तो म्हणाला. "बारा खिळे म्या बी बघितल्यात की."

मी खाली बघितलं. शरमेने माणसाचे कान तापतात म्हणतात, माझे तापले होते.

"पर ते ऱ्हाऊ द्या. तुमी जरा हिकडं सरका, मिस्त्री. माझ्या जागंवर बसा अन् त्या फळीकडं बघा."

मी सरकलो. मागाच्या पलीकडे एक फळी होती. फळीवर डोळा धुवायच्या औषधाची गोल बाटली, दवाखान्यातून दिलेली, निम्मी संपलेली. तिच्या मागे वीतभर अंतरावर राजम्माने विणलेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड दोरीवर तिरकं टाकलेलं होतं.

"काय दिसतंय?"

"बाटली दिसतेय."

"बाटलीत काय दिसतंय?"

मी बघितलं. मग गुडघ्यावर उठून बघितलं. बाटलीच्या वरच्या रिकाम्या भागातून कापडाचे पट्टे जसे होते तसेच दिसत होते, डावीकडून उजवीकडे उतरणारे. आणि जिथे औषध सुरू होत होतं तिथून खाली तेच पट्टे उलटे, उजवीकडून डावीकडे. जाड आणि ठळक. दोन्हींच्या मधोमध पाण्याची कड अशी स्पष्ट की आंधळ्यालाही... मी तो शब्द गिळला.

"चार दिस झालं बघालोय," नरसय्या म्हणाला. "दुसरं काय करायचं? पानी कुटवर आलंय ते बघायची सवयच हाय आमाला. राजे, बाटली भर गं."

राजम्मा उठली, तिने औषध वाटीत काढून ठेवलं आणि तांब्यातलं पाणी ओतून बाटली गळ्यापर्यंत भरली. सगळे पट्टे उलटे. मग तिने ती रिकामी केली. सगळे पट्टे सुलटे. भरलेलं आणि रिकामं, दारातून बघितलं तरी ओळखू येत होतं.

"पेटीच्या मागच्या पत्र्यावर असं पट्टं मारा, मिस्त्री. काच मळली तरी फरक पडायचा न्हाय. मग पेटी काढायचं कुणाला काय कारन?"

वीस वर्षं मी ती काच कापत होतो. माझ्या कापण्याची माणसं तारीफ करत होती. तिच्या मागच्या पत्र्याकडे मी कधी बघितलं नव्हतं. पुढे कुणी तरी मला सांगितलं की विलायतेत ही युक्ती केव्हाचीच माहीत होती. असेल. आमच्यापर्यंत ती कुणी आणली नव्हती.

मला राहवेना. मी म्हणालो, "नरसय्या, हे तू मला कशाला सांगतोस? मी तुझं काय केलंय ते तुला ठाऊक आहे."

त्याने पट्टीवरून हात फिरवला. "माझा एक तरी ऱ्हायलाय. बाकीच्यास्नी दोन-दोन हायत, ते ऱ्हाऊ देत की." मग आवाज उतरला. "एकच मागनं हाय, मिस्त्री. डोळा गेला तर गेला. पर नरसय्यानं पेटी फेकली असं लिवू नगा कुणी. आमच्यातला पयला मी इंजनावर गेलोय. चोर म्हनून खाली उतरू नगं."

राजम्मा पुन्हा मागावर बसली होती, पण धोटा हलत नव्हता. मी काही कबूल न करता उठलो. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचा काळा रंग आणि सफेता घेऊन मी स्वतः बसलो. पत्रा पांढरा केला, त्यावर तिरके काळे पट्टे मारले, भट्टीजवळ वाळवला. पहिली पेटी चढवली आणि हुसेनमियाँना बोलावलं. ते खालून, इंजिनाच्या पायरीवरूनच म्हणाले, "आधे से दो उंगल कम." मी वर नळीला बोटं लावून मोजलं. बरोबर दोन बोटं कमी होतं. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "किस की अक्कल, मिस्त्री?" मी म्हणालो, "नरसय्याची." बांधलेल्या हाताने त्यांनी डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. त्यांना इंजिनावर चढवलं. हुसेनमियाँनी कधी नळी भरली, कधी रिकामी केली, कधी अर्धी ठेवली. साहेबाने काचेवर मुद्दाम काळं तेल फासायला लावलं आणि तरी एकदाही चुकला नाही. फोरमनची छाती फुगली. सगळे मिळून ऑफिसात गेले. तिथेच ठरलं : सगळ्या पेट्यांना पट्टे मारायचे, आरोपपत्रं नाहीत, मालगाड्या दुपारपासून सुरू. हुसेनमियाँनी मान डोलावली. तंटा मिटला. सगळे उठायला लागले.

फोरमनने शेवटचा कागद पुढे सरकवला. फायरमन नरसय्या, पेटी वाटेत काढून टाकली, कामावरून कमी. मोठ्या साहेबाने टाक शाईत बुडवला.

हुसेनमियाँ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसते बघत होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिथून हात पुसत बाहेर पडलो असतो तर चार्जमन म्हणून परत आत आलो असतो. मी बाहेर पडलो, खोलीत गेलो, खिळ्यावरचा कोट काढून जमिनीवर टाकला आणि ती पेटी घेऊन परत आलो. तिच्यावर महिन्यामहिन्यांची काजळी होती. टेबलावर ठेवली तेव्हा पांढऱ्या कागदांवर काळा चौकोन उमटला.

"ही नरसय्याच्या इंजिनाची पेटी," मी म्हणालो. "मागे नंबर आहे. ती माझ्या खिळ्यावर होती. गाडी निघाली तेव्हाही खिळ्यावरच होती."

मोठ्या साहेबाने पेटी उलटी केली, नंबर वाचला. "और बुक में सही?"

"खोटी, साहेब. ती एकच नाही. सगळ्याच."

पंखा ओढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. साहेबाने विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? मग हुसेनमियाँ पुढे झाले. "सब कू मालूम था, साब. हम बी आँख मूँद के चलाए." साहेबाने फोरमनकडे बघितलं. फोरमन आपल्या बुटांकडे बघत होता. त्याला काही विचारायचं साहेबाने टाळलं. साहेब लोक एकमेकांना असे प्रश्न विचारत नसत. पण तो कागद त्याने उभा फाडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

चार्जमनची जागा गेली ती गेलीच, आणि पुढेही कधी मिळाली नाही. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण तिथे बसला आणि मी त्याला आयुष्यभर साहेब म्हणालो. त्याचं मला दुःख होतं. नाही म्हणालो तर आणखी एक खोटी सही होईल. पण बारा खिळे मी त्याच संध्याकाळी पक्कडीने उपटले, आणि ते उपटताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याही बढतीने वाटलं नसतं.

एका डोळ्याच्या माणसाला इंजिनावर घेता येत नाही. मोठ्या साहेबाने जाताना हुकूम लिहिला की नरसय्याला शेडमध्येच ठेवावं. काम असं : इंजिन बाहेर पडायच्या आधी त्याने पेटी तपासावी आणि वहीत फिटरच्या सहीखाली आपली सही करावी. ती नसेल तर इंजिन सोडू नये. म्हणजे त्या दिवसापासून माझ्या एकट्याच्या सहीला किंमत राहिली नाही. नरसय्या तेलुगूत सही करायचा. मला तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नसे, पण ती रोज बघून माझ्या डोळ्यांत पक्की बसली.

पुढे बरीच वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. एका डब्यातून जेवलो, त्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला उभा होतो. त्या वहीबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही. कधी कधी वाटायचं, याने एकदा तरी शिवी घालावी, म्हणजे मी मोकळा होईन.

मी निवृत्त झालो त्या दिवशी सकाळीच पोरांनी माझ्या गळ्यात हार घातला. फोटोवाला येऊन उभा होता. एक इंजिन निघायचं होतं. मी म्हटलं, शेवटची काच मीच बसवतो. बसवली, पेटी चढवली, खाली उतरून वहीत सही केली आणि वही नरसय्यापुढे सरकवली.

"मी नीट बघितलंय रे. कर सही, फोटोवाला खोळंबलाय."

त्याने वही बाजूला ठेवली आणि टोपी डोक्यावर घातली.

"तुमी बघितलं असंल की, मिस्त्री. म्या अजून न्हाय बघितलं."

तो दांडा धरून इंजिनावर चढला. मी हार घालून खाली उभा राहिलो. तो आत वाकला, पेटीची प्रत्येक काच अंगठ्याने दाबून बघितली, एका डोळ्याने पट्टे बघितले, खालची तोटी उघडून पाणी सोडलं आणि परत बंद केली. मग उतरला, चिंधीला हात पुसले आणि माझ्या सहीखाली सही केली.